२४ फुटी फायबर होडीला इंजिन कोणतं घ्यावं? आऊटबोर्ड, लाँगटेल की डिझेल इनबोर्ड?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण निर्णय एकदाच घ्यायचा आहे आणि पैसे कर्जाचे आहेत.

आमचं गाव मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला. बाबांची लाकडी होडी आता दुरुस्तीपलीकडे गेली. फळ्यांच्या फटी भरून भरून तीन हंगाम काढले, या मे महिन्यात तिला वर चढवली ती शेवटची. नवीन फायबरची सांगितली आहे. लांबी २४ फूट, रुंदी पावणेसहा. आम्ही तिघं जातो: बाबा, मी आणि एक खलाशी. बहुतेक गिलनेट (मासा ज्यात कल्ल्यांनी अडकतो ते जाळं), बांगड्याची आणि मोठ्या आसाची (मोठ्या भोकांची) इसवणीची, म्हणजे सुरमईची. जाळी, बर्फ, माणसं आणि मासळी मिळून सहा-सातशे किलो सहज होतात. जायचं पाच-सहा सागरी मैल, दहा-बारा वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोल पाण्यात. होडी खाडीत नांगरतो, पण खाडीच्या तोंडाशी वाळू साचली आहे आणि सुकतीला (ओहोटीला) तिथे कमरेएवढंच पाणी असतं. पावसाळ्यात होडी वाळूवर ओढून माडाच्या झापांखाली ठेवतो.

जुन्या होडीला ८ एचपीचं टू स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन, होतं. एप्रिलमध्ये एका दुपारी परतताना प्लास्टिकची पिशवी खाली पाणी ओढण्याच्या जाळीवर बसली. मागून पाण्याची जी बारीक धार पडते ती बंद झाल्याचं माझ्या लक्षात आलं नाही, मी जाळं आवरत होतो. इंजिन तापलं आणि घट्ट झालं. बाबा आणि खलाशाने आळीपाळीने वल्ही मारली, अडीच तास. बाबांचं वय ६३. किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी तळवे दाखवले नाहीत, पण रात्री जेवताना डाव्या हाताने घास घेत होते ते मी पाहिलं.

म्हणून विचारतोय. भावाला ४० एचपी हवं आहे, शेजारच्या होडीला आहे म्हणून. दुकानदार १५ चं फोर स्ट्रोक सांगतो. एक नातेवाईक डिझेल इनबोर्ड, म्हणजे होडीच्या आत बसणारं, बसव म्हणतो. बाबांचा एकच प्रश्न: "इंजिन बंद पडला तर घराक कसो येतलंस?" तुमचा अनुभव काय?

सातपाटीकर
दादा, आमच्याकडे डिझेलशिवाय दुसरी भाषा नाही. पण आमच्या बोटी मोठ्या, चार-सहा दिवस बाहेर राहतात, सहा सिलिंडरची इंजिनं असतात. १९५० च्या दशकात मुंबई राज्यात बोटींना यंत्रं बसू लागली तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर डिझेलचे मिस्त्री तयार झाले. आज रात्री दोन वाजता हाक मारली तरी कोणीतरी पाना घेऊन येतं. माझं मत डिझेलकडे झुकणारच. तेल कमी खातं, स्पार्कची भानगड नाही, पेट्रोलची वाफ नाही, दहा-पंधरा वर्षं चालतं.

पण तुमचं वर्णन वाचून दोन गोष्टी अडतात. एक, तुम्ही होडी वाळूवर ओढता. इनबोर्डला पठाणाखालून (पठाण म्हणजे होडीच्या तळाचा कणा) शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, आणि पंखा बाहेर येतो. आमच्या बोटी सुकतीला चिखलात बसतात, चिखल मऊ. वाळूत ओढताना पंखा घासला किंवा शाफ्टला कणभर बाक आला की हंगामभर ग्लँडमधून (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या सीलमधून) पाणी आत येत राहतं. दुसरं, २४ फुटी होडीत इंजिन आणि गिअरबॉक्स होडीची मधली जागा खातात. ती जागा तुमच्या जाळ्याची आहे.

मिस्त्री_मालवण
मी पंचवीस वर्षं आऊटबोर्ड उघडतोय. एचपीचं नंतर बघू. बाळा, आधी तुझं इंजिन का मेलं ते नीट समजून घे, नाहीतर नवंही तसंच मरेल.

पिशवी हे निमित्त. तुझ्या इंजिनाचा इंपेलर कधी बदलला होता? हा रबराचा फुलासारखा तुकडा असतो, पाच-सहा पाकळ्यांचा, खालच्या पायात बसलेला. तोच समुद्राचं पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवतो. खाडीत वाळू-चिखल ओढून पाकळ्यांच्या कडा झिजतात, रबर कडक होतं आणि पाकळ्या एका बाजूला वाकलेल्याच राहतात. माझ्याकडे येणाऱ्या दहा गरम झालेल्या इंजिनांपैकी निम्म्यांत मला दोन-तीन पाकळ्या तुटलेल्या मिळतात. तुटलेला तुकडा नळीत जाऊन अडकतो. मग नवा इंपेलर टाकला तरी धार येत नाही आणि लोक म्हणतात इंजिनच खराब. इंपेलर दरवर्षी बदलायचा, चालत असला तरी. फार पैसे लागत नाहीत.

घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात पाय बुडवून दहा मिनिटं चालवायचं. आतल्या वाटांत मीठ साचलं की इंपेलर चांगला असूनही इंजिन तापतं. दहापैकी आठ लोक हे करत नाहीत, कारण दमून आल्यावर नको वाटतं. मला कळतं ते. पण हे जमणार नसेल तर कुठलंच आऊटबोर्ड घेऊ नकोस.

खाडीकाठचा
काका, खरं सांगतो, तीन वर्षांत एकदाही बदलला नाही. गोड्या पाण्याने धुणं आठवड्यातून एकदा, तेही नेहमी नाही. आता कळतंय.

वादळवारा
मी भावाच्या बाजूने. ४० नाही, पण २५ तरी घ्या. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात वारा एकदम फिरतो. ढग दिसल्यापासून तो अंगावर येईपर्यंत अर्धा तास मिळाला तर खूप. त्या वेळी छोट्या इंजिनावर रडत यायचं का? माझ्या चुलत्याची होडी अशाच वेळी खाडीच्या तोंडाशी आडवी झाली. माणसं वाचली, जाळी गेली. जोर हवाच.

कोचीतला_मराठी
जहाजांच्या इंजिनांवर काम करतो, सध्या कोचीला. वादळवारा यांची भीती खरी आहे आणि ती हलकी घेऊ नये. पण जोर आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून जरा हिशोब मांडतो.

पाणी कापत जाणाऱ्या भरलेल्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर अडतो. पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल ते, येतं. तुमची २४ फुटी होडी पाण्यात साधारण २२ फूट बसेल. म्हणजे जेमतेम सव्वासहा नॉट. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते, आणि सहा-सातशे किलो वजन घेऊन ती चढत नाही. रिकाम्या होडीवर ४० एचपी लावलं तर ती पाण्यावर उचलून उडेल, शेजारची तशीच उडताना भावाने पाहिली असणार. जाळी आणि मासळी भरल्यावर तिला विचारा.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. वेग थोडा कमी केला की लागणारी ताकद खूप कमी होते, ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे. सहा मैल जायला सहा नॉटने एक तास लागतो, पाच नॉटने एक तास बारा मिनिटं. बारा मिनिटांच्या बदल्यात त्या फेरीचं तेल साधारण तीस टक्के वाचतं.

वाऱ्याविरुद्ध आणि खाडीच्या तोंडाशी लागतो तो ढकलण्याचा जोर. तो मोठ्या व्यासाच्या, कमी पिचच्या पंख्यातून येतो (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल ते माप). दुकानातून मिळणारा पंखा बहुतेक वेळा हलक्या, वेगाने पळणाऱ्या होडीसाठी असतो. तो भरलेल्या मच्छीमार होडीला लावणं म्हणजे भरलेला ट्रक टॉप गिअरमध्ये घाटावर चढवणं. तरीही १० एचपी तुमच्या वजनाला तंग होईल असं माझंही मत आहे, राखीव जोर हवा. १५ योग्य वाटतं.

वादळवारा
हिशोब पटला, पण भीती गेली नाही. १५ ला माझी हरकत नाही. पंखा मात्र ते म्हणतात तसा हवा.

रेवसची_लेक
मी अलिबागच्या बाजारात बसते, नवरा आणि दीर समुद्रात जातात. आमच्या घरात इंजिनाचा हिशोब मी ठेवते, म्हणून लिहिते. पुरुष इंजिनाची किंमत विचारतात, ते रोज किती पितं हे नंतर घरी आल्यावर बायकोला कळतं.

दादांनी हिशोब मांडला तसाच माझा, वहीतला. पूर्ण जोरात चालवलं तर १० एचपीचं टू स्ट्रोक तासाला साडेचार लिटर घेतं, फोर स्ट्रोक सव्वातीन, तेवढ्याच ताकदीचं डिझेल सव्वादोनच्या आसपास. दिवसाला चार तास इंजिन चाललं आणि वर्षात १६० दिवस समुद्रात गेलात असं धरा. टू स्ट्रोक २,८८० लिटर, फोर स्ट्रोक २,०८०, डिझेल १,४४०. टू आणि फोर मध्ये ८०० लिटरचा फरक. पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी वर्षाला ८०,००० रुपये. शिवाय टू स्ट्रोकला लिटरमागे २० मिली तेल, ते वेगळं. तुमच्या मुलांची शाळेची फी कुठून येणार ते या आकड्यात आहे.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. बाराएक मिनिटं उशीर झाला तर काय, असं दादा म्हणतात. आमच्याकडे लिलावाला वीस मिनिटं उशीर झाला तर भाव पडलेला असतो. तेव्हा तुमच्या बंदरावर लिलाव कधी लागतो आणि तुम्ही किती वाजता जाळं उचलता ते आधी पाहा. वीस मिनिटं आधी उठून जाळं उचललं तर सावकाश येऊनही वेळेत पोचाल. आम्ही तेच करतो.

आणि होडी कोणाच्या नावावर घेताय? प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मंजूर खर्चाच्या ४० टक्के अनुदान मिळतं, पण लाभार्थी महिला असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीतला असेल तर ६० टक्के. आईच्या नावावर घेता आली तर विचार करा. निव्वळ अनुदानासाठी म्हणत नाही. मासे विकून संसार तीच चालवते, होडीवर तिचं नाव असायला हवं.

खाडीकाठचा
ताई, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईला विचारलं. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी आधार कार्ड कुठे ठेवलंय ते शोधत होती.

सातपाटीकर
ताईंचा मुद्दा एकदम बरोबर. फक्त एक जोडतो: अनुदान हातात पडायला वेळ लागतो. आमच्याकडे डिझेलवरच्या कराच्या परताव्याचेही पैसे मच्छीमार संस्थेमार्फत येतात, ते वेळेवर येतीलच असं धरून कर्जाचा हप्ता ठरवणारे लोक अडचणीत आलेले मी पाहिलेत. हप्ता मासळीच्या पैशांतून निघेल असाच ठरवा. इंजिन बसवल्यावर त्याचा क्रमांक परवान्यावर नोंदवायला विसरू नका, कागदांशिवाय ना परतावा ना विमा.

बांद्यापलीकडचा
लाँगटेलबद्दल कोणी बोलत नाहीये. गोव्यात काही जणांकडे पाहिलंय. लांब दांड्याच्या टोकाला पंखा, वर एका सिलिंडरचं डिझेल. वाळूच्या बांधावरून दांडा उचलून निघता येतं. धागाकर्त्याला खाडीच्या तोंडाचा त्रास आहे, त्याला हे चालणार नाही का?

कोचीतला_मराठी
छान आठवण काढलीत. इथून खाली कोल्लम ते कन्याकुमारीपर्यंत ही इंजिनं भरपूर दिसतात, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तर २००४ च्या त्सुनामीनंतर फायबरच्या होड्या वाढल्या तशी ती घरोघरी झाली. हवेने थंड होणारं डिझेल, म्हणजे इंपेलर नाही, पाण्याची वाट नाही, पिशवी अडकण्याचा प्रश्नच नाही. लाट फुटणाऱ्या उघड्या किनाऱ्यावरून होडी थेट समुद्रात ढकलणाऱ्यांसाठी ते उत्तम आहे. पंखा जाळ्यात आला तर दांडा वर घेऊन हाताने सोडवता येतो.

पण एक सकाळ मी त्या होडीत घालवली आहे. कन्याकुमारीजवळच्या एका वाडीतून आम्ही पहाटे चारला निघालो. इंजिन माझ्यापासून दीड हातावर होतं. सहाच्या सुमारास तांडेल (होडी चालवणारा) मला काहीतरी सांगत होता आणि मी फक्त त्याचे ओठ हलताना पाहत होतो. तीस वर्षं तो त्या आवाजात आहे. किनाऱ्यावर परतल्यावर त्याची बायको त्याच्याशी बोलताना त्याच्या समोर येऊन, हाताने खांद्याला स्पर्श करून बोलत होती, तेव्हा मला कळलं.

बहुतेक लाँगटेलला रिव्हर्स नसतो. सावकाश चालवत जाळ्याच्या कडेने होडी धरून ठेवायची असेल तर फार कसब लागतं. हादरे फायबरच्या मागच्या फळीला बसतात. फिरता दांडा उघडा असतो, लुंगीचं टोक गुंडाळल्याच्या गोष्टी प्रत्येक वाडीत आहेत. शिवाय तुमच्या भागात त्याचा मिस्त्री कोण? हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवतो.

केरळातली एक गोष्टही सांगतो. इथल्या हजारो होड्यांचं आऊटबोर्ड पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवत, कारण रॉकेल सवलतीत मिळायचं. सवलतीचा कोटा आटत गेला तशी तीच माणसं अडकली. एखादं इंधन आज स्वस्त मिळतं म्हणून त्यावर दहा वर्षांचं इंजिन ठरवू नका.

पुण्याहून_वाचक
मच्छीमार नाही, फक्त आवड म्हणून वाचतोय. आता स्कूटर बॅटरीवर चालतात. होडीला इलेक्ट्रिक मोटर का नाही? धूर नाही, आवाज नाही, आणि तांडेलाच्या कानांचं वाचून वाईट वाटलं.

कोचीतला_मराठी
व्हायला हवं, आणि खाडीच्या आत होईलही. यांच्या होडीचं गणित बघा. पाच नॉटला साडेचार किलोवॅट धरू. जाऊन-येऊन बारा मैल, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं: साधारण ११ किलोवॅट-तास. मोटर आणि पंख्यातली गळती, उलटा वारा, आणि परत येताना कधीच शून्यावर यायचं नाही हा नियम धरला तर २० किलोवॅट-तासाची बॅटरी लागेल. म्हणजे सहा-सात स्कूटरच्या बॅटऱ्या, खाऱ्या पाण्यापासून पूर्ण बंद केलेल्या. आज त्या किमतीत दुसरी होडी येते. खाडीत तिसऱ्या (शिंपले), कालवं किंवा गळाची मासेमारी करणाऱ्याला, रोज घरी चार्ज करणाऱ्याला मात्र मी आजही सुचवेन.

मिस्त्री_मालवण
टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक, यावर बोलतो. ताईंनी पैशांचं सांगितलं, मी हाताचं सांगतो.

टू स्ट्रोक हलकं, साधं, आतले भाग कमी. पाण्यात पडलं तरी त्याच दिवशी उघडून धुऊन तेल मारलं तर उभं राहतं. तेलाचं माप मात्र नेमकं हवं, एका लिटरला २० मिली, आणि आऊटबोर्डचंच टीसी-डब्ल्यू३ तेल. स्कूटरचं टू-टी (टू स्ट्रोकचं) तेल स्वस्त म्हणून टाकू नका. ते हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, त्याची राख प्लगवर आणि रिंगवर जमते.

फोर स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, आवाज कमी, सावकाश चालवायला फार चांगलं. जाळं टाकताना तासभर हळू चालवलं तरी प्लग काळा होत नाही. पण वजन १५ एचपीला पन्नास किलोच्या आसपास. आणि ते आडवं ठेवायची एकच बाजू असते, कव्हरवर खूण असते. चुकीच्या बाजूला आडवं केलं की खालचं तेल सिलिंडरमध्ये उतरतं. मागच्या वर्षी एकाने टेम्पोतून उलटं आणलं, गावात येऊन दोरी ओढली तर ओढेना. दिवसभर जोर लावून दोरी तोडली, मग माझ्याकडे आला. प्लग काढून तेल बाहेर काढलं, अर्ध्या तासाचं काम. आणखी जोर लावला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

काही फोर स्ट्रोकला ईएफआय (इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने पेट्रोल फवारणारं) असतं, काहींना कार्ब्युरेटर. ईएफआय चांगलं, पण बिघडलं तर तपासायचं यंत्र कोणाकडे आहे ते आधी विचार. माझ्याकडे नाही. कार्ब्युरेटर मी अंधारात उघडून लावेन.

आता पेट्रोलचं. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्या हवेत ओलावा किती ते तुला सांगायला नको. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. तेच कार्ब्युरेटरमध्ये जातं, जेट हिरवट होऊन बंद होतात. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की टाकी पूर्ण रिकामी कर, नळी काढून इंजिन चालू ठेव, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत. ३१ जुलैनंतर नवं पेट्रोल. मोटरसायकलमध्ये टाक जुनं, पण दोन महिने समुद्राकाठी ठेवू नकोस. जुन्या रबरी नळ्याही बदल, इथेनॉलने त्या आतून फुगतात आणि सोलतात. पाणी गाळणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये लाव, खाली पारदर्शक वाटी असलेला. रोज सकाळी वाटीकडे एक नजर.

नवशिका_तांडेल
काका, जुन्या गाडीचं पेट्रोल इंजिन स्वस्तात मिळतंय, ते होडीत आत बसवलं तर? मित्र म्हणतो बसतं.

मिस्त्री_मालवण
नको. हात जोडून सांगतो, नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती होडीच्या तळाशी पाण्यासारखी साचते, वाऱ्याने जात नाही. गाडीचा स्टार्टर आणि डेल्को (प्लगना वीज वाटणारा भाग) ठिणगी टाकतात, ते बंद जागेसाठी बनवलेले नसतात. आऊटबोर्ड बाहेर उघड्यावर असतं म्हणून चालतं. पेट्रोल इंजिन होडीच्या पोटात घ्यायचं नाही. आत बसवायचं तर डिझेल.

सातपाटीकर
मिस्त्रीकाकांना शंभर टक्के पाठिंबा. जहाजाचं म्हणून न बनवलेलं डिझेल इंजिनही लोक बसवतात, ट्रकचं काढलेलं. आमच्याकडे मोठ्या बोटीत ते चालतं कारण बसवणारे पिढीजात आहेत. शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत आणताना ते दोन्हींना जोडणाऱ्या चकत्यांच्या (फ्लँजच्या) मध्ये चहूबाजूंनी पातळ पट्टी घालून बघतात, केसाएवढा फरक सोडत नाहीत. आणि होडी पाण्यात तरंगल्यावर पुन्हा तपासतात, कारण जमिनीवर असताना तिचा आकार वेगळा असतो. तेवढा हात असलेला माणूस जवळ नसेल तर इनबोर्डच्या वाटेला जाऊ नका.

खाडीकाठचा
दहा दिवसांनी परत येतोय. मधल्या काळात तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं.

मावसभावाची होडी साधारण आमच्याच मापाची, १५ चं फोर स्ट्रोक. हवा शांत बघून दोन फेऱ्या केल्या. वजन म्हणून जाळी आणि वाळूच्या आठ गोण्या भरल्या. पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनवर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा केल्या आणि नळी थेट त्यात सोडली. मोबाईलवर जीपीएस लावलं. पहिल्या फेरीत पूर्ण मूठ पिळून सहा मैल जाऊन आलो: ९ लिटर. दुसऱ्या फेरीत पाच नॉट धरून: ६ लिटरला थोडं कमी. वेळेचा फरक जाऊन-येऊन पाऊण तासही नव्हता. भाऊ बरोबर होता. कॅन त्याने स्वतः उजेडात धरून पाहिला, पुन्हा पाहिला. त्यानंतर त्याने ४० चं नाव काढलेलं नाही.

मिस्त्रीकाका स्वतः आले होते, त्यांनी प्लगच्या वायरला आरपीएम मोजायचं मीटर लावलं. पूर्ण मूठ दिल्यावर ४,८०० च्या वर जाईना. पुस्तकात ५,००० ते ६,००० लिहिलंय. म्हणजे इंजिन ओझ्याखाली गुदमरत होतं आणि मावसभाऊ दोन वर्षं तसंच चालवत होता. साडेनऊ पिचचा पंखा काढून आठचा लावला. ५,१५० ला गेलं. खाडीच्या तोंडाशी उलट्या पाण्यात उभं राहून पाहिलं, होडी धरल्यासारखी पुढे सरकत होती. बाबा नाळेत (होडीच्या पुढच्या टोकाला) बसले होते. काही बोलले नाहीत, फक्त मागे वळून इंजिनाकडे पाहिलं.

ठरवलंय ते असं: १५ चं फोर स्ट्रोक, कार्ब्युरेटरचं, आठ पिचचा पंखा, फिल्टर, आणि दोन इंपेलर घरात. होडी आईच्या नावावर, अर्ज दिला आहे. जुनं ८ चं टू स्ट्रोक काका उघडून बघणार आहेत. सिलिंडर वाचला असेल तर ते राखीव म्हणून बरोबर न्यायचं. आणि वल्ही राहणारच, बाबांनी त्यांच्या मुठींना नवीन सुती दोरी गुंडाळायला घेतली आहे.

एक प्रश्न उरला. आऊटबोर्डची शाफ्ट, म्हणजे त्याच्या पायाची लांबी, १५ इंची की २० इंची? होडी बनवणारा म्हणतो कुठलीही चालेल.

रेवसची_लेक
आईचं नाव वाचून खूप बरं वाटलं. वही आजपासून घाला. पहिल्या पानावर तारीख, लिटर, किलो, भाव. चार महिन्यांनी इथे टाका, इतरांना उपयोग होईल.

वादळवारा
राखीव इंजिन आणि वल्ही हे वाचून माझं समाधान झालं. लाइफ जॅकेट तीन घ्या आणि अंगावर घाला, गोणीत नाही. चुलत्याची होडी उलटली तेव्हा ती गोणीतच होती.

मिस्त्री_मालवण
कुठलीही चालणार नाही. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत सरळ काठी लावून मोज. १५ इंचांच्या आसपास असेल तर छोटी, २० असेल तर लांब. इंजिनाच्या पायावर पंख्याच्या वर एक आडवा पत्रा असतो, तो होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवा. वर राहिला तर लाटेत पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं ओरडतं. फार खाली गेला तर ओढ वाढते, आणि तुझ्या खाडीच्या तोंडाशी वाळूला लागेल.

फळीला बोल्टची भोकं लगेच पाडू नकोस. आधी नुसतं शिकंज्याने (क्लॅम्पने) आवळ, होडी पाण्यात सोड, जाळी आणि माणसं भरून बघ. मग मी येतो. रविवारी भरती सकाळची आहे, आठला पोचेन. ड्रिल माझं, ६ आणि ८ मिमीची दोन्ही पाती आणतो. भोकांत भरायला सिलिकॉन तू आणून ठेव, समुद्राच्या पाण्याला टिकणारं.